सासूबाईंचा अर्धा रथ

“काय गं, काल रात्री अमेरिकेचा फोन होता वाटतं? साडेअकरापर्यंत तुमच्या माजघरातला दिवा जळत होता.”

जास्वंदीच्या कुंपणातून काकूंना सगळं दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर जरा जास्तच.

“वन्संचा होता. रागावल्यात माझ्यावर.”

“कशावरून? वाटणीचं काही?”

“वाटणीचंच म्हणा. चंद्रकळेवरून.”

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. मेथी निवडता निवडता त्या ऐकतात ती साधी बातमी. जुडी खाली ठेवून ऐकतात ती खरी बातमी.

“त्याचं असं झालं,” मी म्हटलं, “लेकीचं लग्न मार्गशीर्षात. म्हणजे लगेच पहिली संक्रांत. काळी साडी घ्यायला हवी म्हणून बोलत होतो, तर ह्यांना आठवलं, आईच्या ट्रंकेत एक काळी साडी होती. माळ्यावरून ट्रंक काढली. खाली मांजरपाटात गुंडाळलेली इरकली चंद्रकळा. तांबडे काठ, टोपपदर. पदराजवळ बोट ठेवायला जागा नाही इतका कशिदा. आणि खाली अंगात काही म्हणजे काही नाही. मध्येच एका जागी सुई टोचून ठेवलेली, दोऱ्यासकट.”

“अगंबाई! ती अजून आहे?” काकू कुंपणाला चिकटल्याच. “ती साडी मी आणलेली. धारवाडहून, माहेराहून परतताना. तुझ्या सासूनं पैसे आधी हातावर ठेवले होते, उधारी नको म्हणून. तुझ्या नणंदेच्या पहिल्या संक्रांतीसाठी होती ती. दुपारचं जेवण आटोपलं की ओट्यावर घेऊन बसायची. आणि काय झालं, संक्रांत यायच्या आधीच नणंदबाई विमानात बसल्या! जावयाला नोकरीवर हजर व्हायचं होतं. तुझी सासू म्हणाली, आता तिकडच्या बर्फात चंद्रकळा नेसून दाखवणार कुणाला? घडी घातली ती घातलीच. मानी होती फार.”

“वन्संना ह्यातलं काही ठाऊक नाही. त्यांना नुसतं कळलं की आईच्या हातचं काही सापडलंय. आता म्हणतात, आईची आठवण आहे, कुणी हात लावायचा नाही, फ्रेम करून पाठव.”

“फ्रेम? अख्ख्या साडीची? तिच्या हॉलची भिंत तरी पुरेल का!”

“आणि लेक म्हणते, आई, तू पुरी कर, मी नेसणार. ह्यांना विचारलं, तर ह्यांनी पेपर वर केला.”

“ते बरोबर आहे त्यांचं. बहीण आणि बायको यांच्या मध्ये शहाणा माणूस पेपरच धरतो. आण बघू इकडे.”

मी धुतलेल्या चादरीवर साडी घालून आणली. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या झटक्यात पदर उलटा केला.

“कसुती उलट्या बाजूनं बघायची. सुलट काय, सगळ्यांचीच चांगली असते.”

मग काकूंचा वर्ग सुरू झाला. आपण शाळेत ज्याला कर्नाटकी कशिदा म्हणायचो तीच ही धारवाडकडची कसुती. टाके चारच. गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथे. गावंती म्हणजे सरळ रेघेचा टाका. जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं आणि येताना सोडलेली घरं भरत परत यायचं. मुरगी तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी. ह्या दोन टाक्यांची उलट-सुलट बाजू ओळखू येता कामा नये. नेगी म्हणजे लहान-मोठा धावदोरा घालत भरायचं, लांबून कापडातच विणल्यासारखं दिसतं. मेंथे म्हणजे आपली फुली. दोरा खाते फार, पण भरीव दिसते.

“आणि दोन गोष्टी चालत नाहीत,” काकू म्हणाल्या. “एक, गाठ. दोऱ्याचं टोक टाक्यांच्या खालून फिरवून जिरवायचं. दुसरी, छाप. कापडावर पेन्सिल नाही, कार्बन नाही, काही नाही. ताणा-बाण्याचे दोरे मोजायचे आणि टाका घालायचा. हल्ली वर जाळी शिवून घेतात, तिच्यावर मोजतात आणि मग जाळीचे दोरे ओढून काढतात. तुझ्या सासूनं नुसत्या डोळ्यांनी केलंय. तेही काळ्यावर!”

“काळ्यावर दोरे दिसायचे कसे?”

“मांडीवर पांढरा पंचा घ्यायची. वर साडी. मग कापडाची भोकं उजळतात आणि मोजता येतात. तेही दुपारच्या उजेडात. दिव्याखाली काळ्यावर बसली नाही ती कधी.”

काकूंचं बोट पदराजवळून फिरत होतं. गोपूर, त्याच्या बाजूला तुळशीवृंदावन, दोन मोर, अंबारीचा हत्ती. कसुतीत मोठी चित्रं पदराच्या अंगाला घालतात आणि खाली येता येता बुट्टे लहान होत जातात. म्हणजे सासूबाईंनी अवघड ते आधी उरकलं होतं, सोपं ते राहिलं होतं. हत्तीपाशी काकूंचं बोट थांबलं आणि त्या खुदकन हसल्या.

“हा हत्ती बघ. सोंड एक दोरा खाली उतरलीय. दिसतंय?”

मला दिसत नव्हतं. मी मान हलवली.

“कोपऱ्यावरच्यांची थोरली रजिस्टर लग्न करून आली, ती बातमी मी हिला सांगत होते. अशीच, इथेच उभी राहून. ही ‘हो का?’ म्हणाली आणि मोजणं चुकलं. मोजून घालायच्या कामात एक दोरा चुकला की तो पुढं पुढं चालत जातो. सोंडेवरून डोक्यावर, डोक्यावरून अंबारीवर. अंबारीची उजवी बाजू डावीला मिळेना. ही उसवायला निघाली. मी म्हटलं, अगं राहू दे, माझ्या बातमीची आठवण. मग तिनं काय केलं बघ. जिथं फट राहिली तिथं एक लहानसं कमळ घालून दिलं. दुसऱ्या बाजूला आहे का कमळ? नाही!”

खरंच नव्हतं. मी इतका वेळ ते नक्षीचंच समजत होते.

मग काकू सुईपाशी आल्या. तिथं एक रथ होता. कळस पुरा, खांब पुरे, खाली एक चाक पुरं. दुसरं चाक मात्र तुटक तुटक. एक टाका, एक मोकळी जागा, पुन्हा टाका. मी म्हटलं, “इथं दोरा झिजून तुटलाय बहुतेक.”

“तुटलाय कसला! तिची जायची फेरी झालीय, यायची राहिलीय. गावंतीत प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचं असतं. ही चाकाला वळसा घालून शेवटच्या आऱ्यापाशी पोचली आणि थांबली. आता सुई जिथं टोचलीय तिथून उलटी चालत ये, तिनं सोडलेली घरं भर, चाक पुरं होईल. मोजायचंसुद्धा नाही तुला. वाट तिनंच आखून ठेवलीय.”

मी हळूच म्हटलं, “रथ तेवढा करेन मी. पण पुढचे बुट्टे कसुतीचे नाही जमायचे, काकू. माझी पन्नाशी आली. हे सुतामागून सूत मोजणं माझ्या डोळ्यांना झेपणारं नाही. मला जे येतं ते घालू का? सिंधी टाका येतो. गाठीचा टाका येतो. लखनौच्या चिकनमधले फंदा आणि मुर्री क्लासमध्ये शिकलेय.”

“गाठीचा टाका? कसुतीत?” काकूंचा आवाज इतका चढला की पलीकडच्या गच्चीतून वरच्या वहिनी डोकावल्या. “मी आत्ता काय सांगितलं तुला?”

“ती गाठ मागं नसते, काकू. पुढं असते. सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि निघालो त्याच्या अगदी शेजारी खाली उतरायचं. वर बारीक मणी उठतो. पांढऱ्या दोऱ्यानं घातले तर काळ्यावर हलव्याचे दाणे पसरल्यासारखे दिसतील. संक्रांतीलाच तर नेसायची आहे.”

काकू गप्प झाल्या. काकू गप्प झाल्या की समजावं, अर्धी लढाई जिंकली.

तेवढ्यात वरच्या वहिनी जिना उतरून आल्याच. एवढी काळी साडी उन्हात पसरलेली आणि त्या वर बसून राहतील, हे शक्य नव्हतं. त्यांचं मत तयार होतं. “मशीनवर द्या. आमच्या जाऊबाईंनी आईचा अर्धा टेबलक्लॉथ दिला. दोन दिवसांत सेम टू सेम.”

“सेम टू सेम!” काकू कडाडल्या. “बघितलाय मी तो. मागं पांढरा कागद चिकटवलेला, टाके दाबून बसवलेले. चार धुण्यांत कापड आक्रसलं आणि नक्षी तशीच ताठ उभी. आता ते टेबलावर बसतसुद्धा नाही.”

“मग त्या दवाखान्याशेजारच्या बाईंचं काय म्हणाल?” वहिनींनी दुसरा पत्ता टाकला. “त्यांनी सासूचं सगळं उसवून स्वतः नव्यानं केलं. एकसारखं व्हावं म्हणून.”

“एकसारखं झालं आणि सासूचं राहिलं काय त्यात? भोकं!” काकू म्हणाल्या. “जुनं कापड असतं ते. उसवलेल्या जागी सुताला पुन्हा सुई सोसत नाही, जाळी होते. शिवाय टाके काढले तरी खुणा राहतात. बाईचं नाव पुसलं आणि डाग तेवढा राहिला.”

मला वन्संना सांगायला काहीतरी वजनदार हवं होतं, म्हणून मी आधीच वाचून ठेवलं होतं. ते तिथं बाहेर काढलं. फ्रान्समध्ये बाय्यो गावी एक भरतकाम आहे, अकराव्या शतकातलं. जवळजवळ सत्तर मीटर लांब तागाचं कापड आणि त्यावर लोकरीच्या धाग्यानं 1066 च्या लढाईची गोष्ट. त्याचा शेवटचा तुकडा हरवलाय. राज्याभिषेक व्हायच्या आतच गोष्ट तुटते. तर इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या खाडीत ऑल्डर्नी नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथल्या लोकांनी ठरवलं की शेवट आपण भरायचा. 2012 मध्ये कामाला बसले आणि पुढं पुरा केला. वाचनालयात कापड लावून ठेवलेलं, येईल त्यानं टाका घालायचा. त्या वेळचे युवराज चार्ल्स बेटावर आले, तर त्यांनी आणि कॅमिलांनीसुद्धा टाके घातले.

“राजानं सुई धरली?” वहिनी.

“तेव्हा राजा नव्हता झाला. पण ह्यात बघण्यासारखं काय आहे, काकू, की त्यांनी मूळ कापडाला हात नाही लावला. वेगळं कापड घेतलं. जुनं तसंच, नवं त्याच्या शेजारी.”

“त्यांचं नऊशे वर्षांचं, त्यांना तसंच करायला हवं. तुझं तसं नाही. तुझी साडी अजून नेसायची आहे.” काकूंनी पदराच्या सुरुवातीचा जोड बोटांत धरला. “हे बघ. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी. मागावर अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा. दोन्हींची टोकं एकमेकांत फासे अडकवून जोडतात, मग विणायला घेतात. दर साडीला नव्यानं. म्हणजे ही साडीच मुळात जोडलेली आहे. पण जोड लपवलाय का कुणी? काळं संपलं, तांबडं सुरू झालं, लांबून दिसतंय. तसा तुझा जोड दिसू दे. सासू कुठं संपली आणि सून कुठं सुरू झाली ते आंधळ्यालाही कळायला हवं.”

मग वहिनींच्या साक्षीनं नियम ठरले. मेथी एव्हाना उन्हात मलूल झाली होती.

पहिला नियम, सासूबाईंचा एकही टाका उसवायचा नाही. सोंड वाकडी ती वाकडीच.

दुसरा, सुई ओढून काढायची नाही. गंजलेली सुई कापडाला धरून बसते; ओढली तर सूत घेऊन येते. बोटांत हळूहळू फिरवत सोडवायची. गंजाच्या डागावर मी लिंबू-मीठ म्हटलं, तर काकूंनी हातच धरला. “पांढऱ्यावर लाव खुशाल. काळ्यावर लिंबू पडलं की तिथला रंग उतरतो आणि लहान डागाचा मोठा होतो. काळ्यावर गंज दिसतोय कुणाला?”

तिसरा, रंगाची परीक्षा. पांढरा ओला रुमाल तांबड्या टाक्यांवर दाबून धरायचा. रुमालाला रंग लागला तर साडी पाण्यात घालायची नाही, नुसती सावलीत वारं देऊन घ्यायची. आम्ही तिथंच करून पाहिलं. तांबड्यानं रुमाल गुलाबी केला, हिरव्यानं काही केलं नाही. म्हणजे धुणं रद्द.

चौथा नियम माझ्यासाठी महत्त्वाचा होता. मी नव्या तांबड्या दोऱ्याच्या लड्या सासूबाईंच्या तांबड्याशेजारी धरून बघितल्या होत्या, एकही जुळत नव्हती. जुन्याचा गेरू झालाय, नवा अंगावर येतो. काकू म्हणाल्या, “जुळवूच नकोस. जवळजवळ जुळलेला रंग सगळ्यात वाईट दिसतो. बघणाऱ्याला वाटतं डाग पडलाय. तू पांढरा आणि हळदीचा पिवळा घे. कसुतीतही पांढरा चालतो. रथाच्या चाकाला मात्र तिच्या सुईत उरलाय तोच दोरा वापर, सुईजवळचा कुजका भाग कापून.”

“पुरेल?”

“नाही पुरला तर पुढचा पिवळा. चाकाला दोन रंग असले म्हणून रथ अडत नाही.”

पाचवा नियम माझा. जिथं सासूबाईंची शेवटची ओळ संपते तिथं चार बोटं काळं मोकळं सोडायचं आणि मग सिंधी टाक्याची एक पट्टी. सिंधी टाका का, ते काकूंनी विचारलं. मी चादरीच्या कोपऱ्यावर करून दाखवला. आधी तिरपे, एकमेकांवरून जाणारे टाके घालून पाया करायचा. मग दुसरा दोरा घेऊन त्या पायाच्या टाक्यांच्या वरून-खालून गुंफत जायचं. दुसऱ्या फेरीत सुई कापडात शिरतच नाही, वरच्या वर चालते. जुन्या कापडाला निम्मी भोकं वाचतात आणि पट्टी मात्र गोफासारखी उठून दिसते.

काकूंनी चादरीचा कोपरा हातात घेऊन उलटा केला. सवयच ती. मागं नुसते आखूड टाके, ओळीत.

“मागूनही स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “चालेल.”

इतक्या वर्षांत काकूंकडून माझ्या कुठल्याही गोष्टीला ‘चालेल’ मिळालेलं मला आठवत नाही. माझ्या पुरणपोळीला अजून मिळालेलं नाही.

राहता राहिल्या वन्सं. काकू म्हणाल्या, “तिला मी सांगते. लाव फोन.” तिकडे रात्र झाली होती, पण काकूंना पृथ्वी गोल असल्याचं मान्य नाही. वन्संनी उचलला. काकूंनी आधी हवापाणी विचारलं, मग गुडघे, मग एकदम, “तुझ्या आईनं ती चंद्रकळा कुणासाठी काढली होती ठाऊक आहे का तुला? तुझ्या पहिल्या संक्रांतीसाठी. तू गेलीस म्हणून राहिली.”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. वहिनींनी मला कोपरानं ढोसलं. मग वन्संचा बारीक आवाज आला, “मला कुणी सांगितलंच नाही.”

“तिनं नाही सांगितलं, मानी होती. मी नाही सांगितलं, तिनं शपथ घातली होती. आज सांगितलं. आता ऐक. ती साडी भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती केली. तुझी भाची नेसेल. तुझ्या आईचं काम आहे तसं राहील, मी इथून लक्ष ठेवून आहे. खालचं ही करेल, हिच्या पद्धतीनं.”

वन्संनी दोन प्रश्न विचारले. गाठीचा टाका म्हणजे काय आणि धुतल्यावर निघतो का. दुसऱ्या प्रश्नावरून मला कळलं की राग उतरलाय. घट्ट वेढे दिले आणि अंगठ्यानं दोरा दाबून धरला तर निघत नाही, असं मी सांगितलं. मग म्हणाल्या, लग्नाला येते तेव्हा एक बुट्टा मला ठेव. येत नाही मला, पण शिकव.

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, “तिला निऱ्यांतला दे. आत जाईल, दिसणार नाही.”

तर आता आमच्याकडे दुपारी मांडीवर पांढरा पंचा आणि वर काळी साडी असते. चाक झालं. दोरा पुरला नाही, शेवटचे दोन आरे पिवळे आहेत. सिंधी टाक्याची पट्टी अर्ध्यावर आलीय. काकू रोज कुंपणाशी येऊन उलटी बाजू तपासतात आणि गावभरच्या बातम्या सांगतात. मी मात्र टाके मोजत असताना ‘हो का?’ म्हणायचं सोडून दिलंय.

तुमच्याही घरात माळ्यावर, कपाटाच्या तळाशी असं काहीतरी असणारच. रुखवतासाठी काढलेला आणि राहिलेला ट्रे-क्लॉथ, आत्याचा अर्ध्यावर राहिलेला उशीचा अभ्रा, आजीची दुसुतीवरची निम्मी फुलं. एक काम करा. ह्याच आठवड्यात ते बाहेर काढा, रिंगमध्ये अडकलेलं असेल तर आधी रिंग सोडवा, सुई असेल तर काढा आणि सावलीत पसरा. उसवू नका, मशीनवर देऊ नका. हुबेहूब त्यांच्यासारखं आलंच पाहिजे, हा हट्टही सोडा. तुम्हाला येतो तो टाका घ्या, चार बोटं जागा सोडा आणि सुरू करा. आणि ज्यांनी ते सुरू केलं त्यांना ओळखणारं शेजारपाजारी कुणी अजून असेल, तर सुई उचलण्याआधी त्यांना नक्की दाखवा.